शेवटी येणारी नावं

यंदा ड्रम होळीच्या आधीच गच्चीवरून खाली आले. दोन नवे निळे, आणि एक जुना, ज्याच्या पोटावर पांढऱ्या तैलरंगात आमचं आडनाव आणि घराचा नंबर आहे. अंगणात आडवे पाडून, आत डोकं खुपसून मी ते काथ्यानं घासत होते. तापलेल्या प्लास्टिकचा, वाळलेल्या शेवाळाचा आणि ब्लीचिंग पावडरचा असा एक मिश्र वास त्यातून येतो. त्या वासानं कुणालाही पाणी आठवेल, पण मला सिनेमा आठवतो. हे मी एकदा घरात बोलून दाखवलं, तेव्हा ह्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं आणि पेपराचं पान उलटलं.

पेपरात आणि बायपासच्या चौकातल्या फलकावर सध्या तो सिनेमातला मुखवटेवाला आहेच. घट्ट कपडे, छातीवर कसलीशी खूण, डोळ्यांपुरता काळा पट्टा, आणि मागे पेटलेलं शहर. चौथा भाग की पाचवा, मी मोजणं सोडलं आहे. पोरांच्या परीक्षा संपल्या की हा येतो, दर उन्हाळ्यात येतो आणि जग वाचवून जातो. आमच्याकडे त्याच सुमाराला विहिरी आटतात, त्यामुळे माझ्या डोक्यात ह्या दोन गोष्टींची गाठ बसली ती बसलीच.

ज्या उन्हाळ्याबद्दल बोलते आहे, तेव्हा ह्या शहराचं नाव वेगळं होतं आणि आम्ही गुलमंडीतल्या दोन खोल्या सोडून ह्याच शहराच्या कडेला, साताऱ्याच्या डोंगराकडे नुकतेच राहायला आलो होतो. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कारकुनी झाली, त्यामुळे स्वतःच्या मालकीचं अंगण ही आमच्या लेखी केवढी तरी मजल होती. ज्वारीच्या रानांचे प्लॉट पडले होते. दोन प्लॉटांच्या मधे अजून बांध दिसायचा, बांधावर बोरीचं झाड असायचं, आणि शेजारी तीन मजल्यांचा बंगला. फरशी बसली होती, ग्रिल लागलं होतं, नावाच्या पाट्या झळकत होत्या. पाइप तेवढा आला नव्हता. पाऊस दोन वर्षं नीट झालेला नव्हता, धरणात गाळ दिसत होता, आणि आमच्या गल्लीला बुधवारी आणि शनिवारी टँकर येत असे. प्रत्येक फाटकाबाहेर नाव घातलेले ड्रम रांगेत उभे. कुणाकडे किती माणसं आहेत, कुणाकडे पाहुणे आले आहेत, हे सगळं त्या ड्रमांवरून कळायचं.

टँकर चालवायचे कचरूभाऊ. गंगापूरकडचे, घरची थोडी शेती, तिचं पाणी गेलं म्हणून गाडीवर आलेले. चाळिशीचे असतील. सडपातळ, गळ्यात ओला गमचा, कानावर पांढरा खडू. ड्रम भरला की त्यावर खडूनं एक फुली मारायची ही त्यांची पद्धत, म्हणजे "आमचा राहिला" असं म्हणत कुणी दुसऱ्यांदा पाइपखाली ड्रम सरकवू नये. आमचं घर गल्लीच्या टोकाला, सगळ्यात शेवटी. टाकीतलं उरलंसुरलं पाणी आमच्याकडे यायचं, आणि कचरूभाऊंचं उरलंसुरलं बोलणंही.

मी त्या काळी कॉलेजात मराठी शिकवत असे, आणि एका स्थानिक दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमावर लिहीत असे. अर्धा रकाना, वर माझा पासपोर्टचा फोटो, खाली तारे. माझी जीभ तिखट आहे यावर सासरी आणि माहेरी एकमत होतं, त्या रकान्यानं तिला हक्काची जागा मिळाली. एका दुपारी ड्रममध्ये पाइप सोडून कचरूभाऊ म्हणाले, "म्याडम, त्या मास्कवाल्याच्या पिच्चरला तुमी दीडच तारा दिला."

मी चकित झाले. "तुम्ही वाचता?"

"भज्याच्या कागदावर आलता. अर्धा फाटल्याला व्हता, पन फोटो दिसला तुमचा. अन् तारे." पाण्याकडं बघत ते हसले. "मंग मी गेलो बगाया. लई झकास पिच्चर हाय."

तेव्हापासून त्यांनी नियमच केला. मी ज्याला नावं ठेवीन तो सिनेमा बघायचा, आणि मी ज्याची स्तुती करीन त्याच्या वाटेला जायचं नाही. "तुमच्या चार तारेवाल्यात कोन हासत नाय अन् कोन मारामारी करत नाय. निस्ते खिडकीतून बगत ऱ्हातात," हे त्यांचं मत. बघून आले की आमच्या जुन्या ड्रमवर फुलीऐवजी खडूनं चांदण्या काढायचे. कधी तीन, कधी चार. मी रविवारी दीड दिलेल्या सिनेमाला बुधवारी माझ्याच दारात साडेचार मिळालेले असायचे, आणि अर्धी चांदणी ते मोठ्या कष्टानं काढायचे.

आमचे खटके उडायचे. मी म्हणायची, ह्या सिनेमांत अख्खं शहर कोसळतं आणि दुसऱ्या दृश्यात सगळे चकाचक रस्त्यावर उभे असतात. काचा कोण झाडतं? ते म्हणायचे, झाडणारे झाडतात की, ते कामून दावायचं, ते तर आमी रोज बगतो. मी म्हणायची, दुसऱ्या ग्रहावरचा राजा हिंदीत बोलायला लागला की मुंबईच्या नाक्यावरच्या दादासारखा का बोलतो? ते म्हणायचे, मंग काय इंग्रजीत बोलला असता तर मला कळलं असतं का?

एक गोष्ट मात्र मी तेव्हाही म्हणत होते आणि अजून म्हणते. ह्या सिनेमांतला खलनायक दहा मिनिटं अगदी खरं बोलतो. पाणी संपत चाललं आहे, मोजक्या लोकांनी सगळं गिळलं आहे, बाकीच्यांनी कुठं जायचं, असं काहीतरी विचारतो. आपण मान डोलावणार एवढ्यात सिनेमावाले त्याच्या हातून एखादी शाळा उडवतात, म्हणजे मग त्याचा प्रश्न कुणाला ऐकावा लागत नाही. हे मी कचरूभाऊंना सांगितलं, तेव्हा त्यांनी पाइप दुसऱ्या ड्रममध्ये सोडला. मग म्हणाले, "ते खरं हाय तुमचं. पन म्याडम, तो मास्कवाला येळेवर येतो, अन् आला की लोक टाळ्या वाजवत्यात. मी बी येतोच की येळेवर. मी आलो की बाया भांडत्यात."

आम्ही दोघं हसलो. ड्रम भरून वाहायला लागला तेव्हा त्यांनी घाईनं पाइप काढला, आणि वाहिलेलं पाणी मी पायानं तुळशीकडे वळवलं.

मे महिन्यातल्या एका बुधवारी टँकर वेळेवर आलाच नाही. अकराची वेळ, बारा वाजले, दोन वाजले. गल्लीतल्या बायका फाटकाबाहेर सावली धरून उभ्या. समोरच्या पाटणकर वहिनी गुडघ्यांच्या दुखण्यानं बेजार, त्या पायरीवर बसून राहिल्या होत्या, कारण आत गेलं आणि गाडी आली तर ड्रम कोण सरकवणार? चार वाजता गाडी आली. कचरूभाऊ खाली मान घालून भरत आले, कुणाशी बोलले नाहीत. माझ्या दारात आल्यावर मात्र त्यांना राहवेना.

"रागवू नका. सांगतो," ते म्हणाले. भरायच्या जागेवर सकाळपासून लाइट नव्हती. सात गाड्या रांगेत. बारानंतर टाकी भरली आणि ते निघाले, पण रस्त्यात मॉल लागला. तिथल्या थेटरात एका सिनेमाचा शेवटचा दिवस होता, मी त्याला एकच तारा दिला होता, आणि केबिनमध्ये पाय ठेववत नव्हता इतका पत्रा तापला होता. त्यांनी मॉलच्या मागच्या सावलीत टँकर लावला. वॉचमन ओरडत आला, तेव्हा त्याला दोन बादल्या पाणी दिलं. मग तोच म्हणाला, जावा निवांत, मी बगतो गाडीकडं.

"आत लई गार व्हतं म्याडम. पयल्यांदा मला थंडी वाजली ह्या साली. गमचा आंगाव घ्यावा लागला."

मी हसले, चांगली पोट धरून हसले. तेही हसायला लागले. आणखीही बरंच सांगत होते. सिनेमा कसा होता, शेवटी काय झालं, शेजारच्या खुर्चीवर कोण होतं. मी ऐकत होते, पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात रविवारचा रकाना लिहून होत आला होता.

तो मी एका बैठकीत लिहिला. आमच्या गल्लीत एक टँकरवाला आहे, अशी सुरुवात केली. गल्ली तहानलेली, टँकर मॉलच्या सावलीत, आणि हजारो लिटर पाण्याचा धनी आत गारव्याला बसून दुसरा कुणी जग वाचवतो ते बघतो आहे. वॉचमनच्या बादल्या घातल्या, गमचा घातला, "पयल्यांदा थंडी वाजली" हेही जसंच्या तसं घातलं. शेवटी लोकांना स्वतःचं काम विसरायला लावणाऱ्या ह्या सिनेमांवर ताशेरे. नाव घातलं नाही. एवढी समज मला होती, आणि त्या समजेचा मला अभिमानही होता.

मुखवट्याच्या सिनेमांवर माझा एक जुना आक्षेप आहे. डोळ्यांपुरता पट्टा बांधला की त्या माणसाला त्याची सख्खी बायको ओळखत नाही, शेजारी ओळखत नाहीत, हनुवटी तीच, चाल तीच, आवाज तोच, तरी कुणाला काही कळत नाही. प्रेक्षकांना काय दुधखुळे समजता का, असं मी दोनतीनदा लिहिलं होतं. आणि "एक टँकरवाला" हा तसलाच पट्टा कचरूभाऊंना बांधून मी निर्धास्त झोपले. आमच्या गल्लीला येणारा टँकर एकच होता.

रविवारी फोन आले. इतके फोन त्या रकान्याला पूर्वी कधी आले नव्हते. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सोमवारी एकानं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि सगळे हसले, मीही हसले. मंगळवारी पाटणकर वहिनींनी कात्रण कापलं आणि पाण्याच्या ठेकेदाराचा माणूस आला होता त्याच्या हातात दिलं. "आमचं पाणी पाच तास कुठं होतं, ते वाचा जरा," त्या म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं असं मी कसं म्हणू? त्या गुडघे धरून पायरीवर बसल्या होत्या, आणि मी त्याची गंमत केली होती.

बुधवारी टँकरवर दुसराच माणूस आला. त्याला खडूची सवय नव्हती. त्यानं अर्धे ड्रम दोनदा भरले आणि आमच्यापर्यंत येईतो टाकी संपली.

आठवड्यानं दुपारी फाटक वाजलं. कचरूभाऊ होते. गमचा नव्हता, धुतलेला पांढरा शर्ट होता, बायपासपासून चालत आले होते. मी आत बोलावलं, ते पायरीवरच थांबले. मी पाणी आणलं. ते त्यांनी तांब्या उंच धरून सगळं प्यायलं, आणि त्यांना पाणी देताना मला फार लाज वाटली.

"तो कागद हाय का?" त्यांनी विचारलं. "ठेकेदारानं निस्ता दावला. वाचू नाय दिला."

मी पुरवणी आणून दिली. त्यांनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. दोन ठिकाणी हसू आलं त्यांना, मी पाहिलं. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर बोट पुन्हा वर गेलं आणि पहिल्या ओळीवर थांबलं.

"नाव नाय टाकलं तुमी."

"तुमच्यावर काही येऊ नये म्हणून, कचरूभाऊ."

"आलं की," ते म्हणाले. रागानं नव्हे, साधंच. "मार मला बसला. अन् पेपरात माझं नाव बी नाय. आईला काय दावू?"

मी बोलत सुटले. लेखात नावं का घालत नाहीत, हे एका माणसाबद्दल नसतं, सगळ्या समाजाबद्दल असतं, विनोद कसा घ्यायचा असतो. वर्गात पोरांना सांगावं तसं सांगत होते. "माझं चुकलं" हे दोन शब्द त्या सगळ्यात कुठेच आले नाहीत. ठेकेदाराकडे येते, बोलते, असं मी शेवटी म्हटलं, त्यावर त्यांनी मान हलवली. गाडी दुसऱ्याला देऊन झाली होती.

मग त्यांनी विचारलं, "म्याडम, टाकायचं म्हनलं असतं, तर काय टाकलं असतं? माझं पुरं नाव तुमाला ठावं हाय का?"

मला माहीत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर माझं आडनाव दर खेपेला होतं, ड्रमवर वीतभर अक्षरांत. त्यांचं मी कधी विचारलं नव्हतं. ते थोडा वेळ थांबले, मी विचारीन म्हणून थांबले असतील, हे मला आज वाटतं. तेव्हा मी खाली बघत उभी राहिले. त्यांनी कागदाची चौकोनी घडी करून वरच्या खिशात घातली.

"ते शेवटचं बी नाय लिवलं तुमी," फाटक लावता लावता ते म्हणाले.

"कुठलं?"

"असू द्या."

कुठलं ते मला ठाऊक होतं.

पुढं त्यांच्याबद्दल दोनचार गोष्टी ऐकल्या. कुणी म्हणालं उसाच्या ट्रकवर आहेत, कुणी म्हणालं वाळूजला कंपनीच्या बसवर लागले. गंगापूर इथून किती लांब? काळीपिवळी जीपनं तासाभराचा रस्ता. मी गेले नाही. जून गेला, पाऊस आला, ड्रम पालथे घातले गेले, आणि चांदण्या त्याच पावसात पुसल्या गेल्या. रकाना मी आणखी वर्षभर लिहिला, पण त्यात माणसं आणली नाहीत, आणि तो मिळमिळीत झाला असं सगळे म्हणाले. मग तो बंद पडला.

आता गल्लीत चार नव्या इमारती आहेत, मोठ्या पाइपलाइनसाठी रस्ता तिसऱ्यांदा खोदला आहे, आणि नळ आठव्या दिवशी येतो. टँकर अजून येतात, इमारतींना. मी फाटकात उभी राहून चालवणाऱ्याचं नाव विचारते, पूर्ण नाव. पोरं बुजतात. एकानं तर विचारलं, "काकू, तक्रार करायची हाय का?"

परवा मी तो चौथा का पाचवा भाग बघायला गेले. एकटी, दुपारच्या खेळाला, अंगावर शाल घेऊन. सिनेमा वाईटच आहे. शहर कोसळतं, काचा कुणी झाडत नाही, खलनायक दहा मिनिटं खरं बोलतो आणि मग त्याच्या हातून एक पूल पाडला जातो. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही. वेळेवर येणारा कुणीतरी बघायला आलेले लोक होते ते. ह्या शहरात उन्हाळ्यात तेवढं मागणं काही फार नाही.

सिनेमा संपला तरी हल्ली कुणी उठत नाही. ह्या सिनेमांची रीत आहे, सगळी नावं सरकून झाली की शेवटी एक छोटा तुकडा दाखवतात, पुढच्या भागाची चुणूक. त्यासाठी सगळे बसतात, आणि नावं सरकत असतात तोवर आपापल्या फोनमध्ये बघतात. कडेला झाडूवाल्या बाया थांबलेल्या असतात. मी चष्मा पुसला आणि नावं वाचायला लागले. फार भरभर जातात. रंगारी, सुतार, शिंपी, स्वयंपाकी. मग एक लांबलचक यादी आली, आणि त्यातली पाचसहा नावं माझ्या हाती लागली, बाकीची वर निघून गेली.

त्या बुधवारी ड्रम भरत आला होता, आणि कचरूभाऊ पाइप हातात धरून सांगत होते. "पिच्चर सपला तरी मी बसूनच ऱ्हायलो म्याडम. इंग्रजी नावं येत व्हती, लई नावं. शेजारी कालेजची पोरगी व्हती, तिला इचारलं, ही कोनाची नावं? तर ती म्हनली, काका, ही डायवरची. गाड्या चालवणाऱ्यांची. समद्यांची नावं हायेत बगा तिथं. येकूनयेक डायवरची."

हे मी ऐकलं होतं. पहिल्या खर्ड्यात लिहिलंही होतं. रकान्याला चार ओळी जास्त होत होत्या, आणि ह्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तेवढं मी काढून टाकलं.